छातीचं ऑपरेशन, मग टाके पायाला काऊन?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचं बायपास झालं, नागपुरात धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात. चौथ्या दिवशी आयसीयूतून खोलीत आणलं, तेव्हा त्यांची बहीण भंडाऱ्याहून आली होती. चादर जराशी सरकली आणि बहिणीला दिसली डाव्या पायावरची टाक्यांची रांग, घोट्यापासून पार गुडघ्याच्या वर. "छातीचं ऑपरेशन सांगतलं होतं नं? मग पायाले काऊन कापलं?" नर्स घाईत होती. "नस काढली," एवढंच म्हणून ती गेली. मावशी आणखी घाबरल्या. "काढली म्हंजे? आता पाय चालन कसा?"

खोलीत आम्ही पाच जण होतो, त्यातले दोन इंजिनिअर. एकालाही धड उत्तर देता आलं नाही. तरुण माणूस जिममध्ये किंवा गरब्यात कोसळल्याची बातमी आली की गल्लीतल्या प्रत्येकाच्या तोंडी अँजिओ, स्टेंट, ब्लॉकेज, बायपास हे शब्द असतात. पायाच्या टाक्यांचं कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या प्रश्नाच्या मागे लागलो आणि जाऊन पोचलो अर्जेंटिनातल्या एका खेड्यातल्या डॉक्टरपाशी.

रक्तानं भरलेलं, तरी तहानलेलं

हृदय हा सुमारे तीनशे ग्रॅमचा स्नायू आहे. दिवसाला साधारण एक लाख वेळा तो आवळतो आणि सैल होतो. त्याच्या कप्प्यांतून दर मिनिटाला पाचेक लिटर रक्त वाहतं. गंमत अशी की या रक्ताचा हृदयाच्या स्वतःच्या जाड भिंतीला जवळजवळ काही उपयोग नाही. उन्हाळ्यात वस्तीवस्तीला पाणी वाटत फिरणारा टँकरवाला स्वतःची बाटली मात्र पाणपोईवर भरून घेतो, तसंच हे. हृदय आधी रक्त महाधमनीत ढकलतं आणि तिथून फुटणाऱ्या दोन बारीक नळ्यांतून, बाहेरच्या बाजूनं, आपला वाटा परत घेतं. त्याच या हृदयधमन्या, डॉक्टरांच्या भाषेत कोरोनरी. जाडी जेमतेम तीन-चार मिलिमीटर, म्हणजे बॉलपेनच्या रिफिलपेक्षा थोडी जास्त.

(सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांत हृदयाची भिंत बरंचसं रक्त थेट आतल्या कप्प्यातूनच शोषते. मुंबईच्या केईएममधले सर्जन डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांना हे फार आकर्षक वाटलं. १९६०च्या दशकात त्यांनी हृदयाच्या स्नायूला सुईनं बारीक छिद्रं पाडून माणसात तसंच काही घडवता येईल का, हे तपासलं होतं. ती वाट पुढे फारशी चालली नाही. याच सेनांनी फेब्रुवारी १९६८मध्ये भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. जगातलं ते सहावं होतं. रुग्ण काही तासच जगला.)

नव्वद टक्के ब्लॉकेज म्हणजे किती?

नागपुरात बोअरचं पाणी ज्यांच्याकडे आहे, त्यांना हे पटकन कळेल. पाण्यातले क्षार पाइपाच्या आतून थर धरतात, धार बारीक होत जाते आणि एक दिवस वरच्या टाकीत पाणी चढेनासं होतं. धमनीतला थर क्षारांचा नसतो. तो धमनीच्या भिंतीतच साठलेल्या चरबीचा, सूज आलेल्या पेशींचा आणि कॅल्शियमचा असतो. म्हणून ब्रश घालून खरवडून काढू म्हटलं तर जमत नाही.

रिपोर्टमधले टक्के बहुधा व्यासाचे असतात. व्यास निम्मा झाला की मोकळी जागा निम्मी उरत नाही, चौथा हिस्साच उरते. तरीही पन्नास टक्क्यांच्या अरुंदीत माणसाला सहसा काही जाणवत नाही, कारण शरीर बरंच सांभाळून घेतं. साधारण सत्तरच्या पुढे त्रास सुरू होतो, तोही आधी श्रम पडले की. बसल्याजागी ठीक, स्टेशनचा पूल चढताना मात्र छाती आवळून येते, थांबलं की दोन-चार मिनिटांत ओसरते. याला अँजायना म्हणतात. पुरवठा तेवढाच, मागणी वाढली, एवढाच त्याचा अर्थ.

हार्ट अटॅक ही वेगळी गोष्ट आहे. त्यात थराला तडा जातो, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि नळी अचानक बंद होते. आणि तडा जाणारा थर पुष्कळदा तो नव्वद टक्केवाला नसतोच, ज्याकडे कोणाचं लक्षही नव्हतं असा चाळीस-पन्नासवाला असतो. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पाम्पातला डॉक्टर

रेने फावालोरो १९२३मध्ये अर्जेंटिनातल्या ला प्लाता शहरात जन्मला. वडील सुतार, आई शिवणकाम करायची. १९४९मध्ये डॉक्टर झाला. सरकारी दवाखान्यात जागा मिळत होती, पण त्यासाठी सत्ताधारी पक्षावर निष्ठा असल्याचं लिहून द्यायचं होतं. त्यानं सही केली नाही. त्याच सुमारास ला पाम्पा प्रांतातल्या हासिंतो अराउस या खेड्यातला डॉक्टर आजारी पडला. बदली माणूस म्हणून फावालोरो १९५०मध्ये दोन-तीन महिन्यांसाठी तिथे गेला आणि बारा वर्षं राहिला. नंतर धाकटा भाऊ, तोही डॉक्टर, येऊन मिळाला.

मला या माणसाच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. आजूबाजूला मैलोन्मैल सपाट, कोरडा मुलूख. दोघा भावांनी तिथे ऑपरेशनची खोली उभी केली, एक्स-रे मशीन आणलं, प्रयोगशाळा थाटली. रक्तपेढीसाठी फ्रिज कुठला? मग त्यांनी गावकऱ्यांचे रक्तगट तपासून यादी केली. गरज पडली की त्या गटाच्या माणसाला घरून बोलवायचं. पेढी चालतीबोलती, गल्लीतच राहणारी. शिक्षकांना, सुइणींना जमवून स्वच्छता शिकवली आणि गावातले बालमृत्यू झपाट्यानं खाली आले. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे जीव वाचवले, त्याच जातीचं हे काम.

शहरात छातीच्या शस्त्रक्रियेत काय काय नवीन चाललंय हे तो वाचत होता. १९६२मध्ये, चाळिशीला टेकलेला असताना, तो अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये जाऊन उभा राहिला. इंग्रजी कच्चं. तिथली परवाना परीक्षा पास व्हायची होती, तोवर नुसतं बघायची मुभा.

आधी नकाशा, मग रस्ता

क्लीव्हलंडला त्याला एक खजिना सापडला. तिथले हृदयतज्ज्ञ मेसन सोन्स यांच्या हातून ऑक्टोबर १९५८मध्ये एक अपघात घडला होता. एका तरुणाच्या महाधमनीत एक्स-रेवर दिसणारं औषध सोडायचं होतं. नळी सरकून नेमकी उजव्या हृदयधमनीत शिरली आणि जवळपास तीस मिलिलिटर औषध तिथे गेलं. हृदय थांबलं. सोन्स ओरडले, खोक! तरुण खोकला आणि ठोके परत सुरू झाले. तोवर हृदयधमनीत थेट औषध सोडलं तर माणूस दगावणारच, असं मानत. सोन्सना कळलं की थोडं औषध माणूस सहन करतो. हीच आपली आजची अँजिओग्राफी, जी मनगटातल्या धमनीतूनही होते.

फावालोरो दिवसभर ऑपरेशन थिएटरात असायचा आणि संध्याकाळी सोन्सकडे बसून या फिल्मी बघत राहायचा. शेकडो माणसांच्या हृदयांचे नकाशे. त्यात त्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. अडथळा बहुतेकदा धमनीच्या सुरुवातीच्या टप्प्यात असतो आणि पुढची नळी बऱ्याच जणांत चांगली मोकळी असते.

तोवरचे उपाय आडवळणाचे होते. कॅनडातले आर्थर व्हाइनबर्ग छातीच्या भिंतीतली एक धमनी सोडवून तिचं तोंड हृदयाच्या स्नायूत पुरायचे, की तिला हळूहळू फाटे फुटतील आणि रक्त झिरपत पोचेल. महिने लागायचे आणि भरवसा नसायचा. इकडे क्लीव्हलंडमध्येच, मूत्रपिंडाची धमनी चोंदलेल्या रुग्णांना पायातली शीर काढून जोडत होते. फावालोरोनं विचार केला, जे मूत्रपिंडाला चालतं ते हृदयाला का नाही?

९ मे १९६७. एक्कावन्न वर्षांची बाई, उजवी हृदयधमनी पूर्ण बंद. फावालोरोनं तिच्या पायातली शीर घेऊन बंद तुकड्याच्या जागी बसवली. पुढच्या काही महिन्यांत पद्धत आणखी सोपी झाली. बंद तुकड्याला हातच लावायचा नाही. शिरेचं एक टोक थेट महाधमनीला जोडायचं, दुसरं अडथळ्याच्या पलीकडे. हैदराबादहून जबलपूरला निघालेला ट्रक सीताबर्डीच्या गर्दीत न शिरता बाहेरच्या रिंग रोडनं निघून जातो तसं. काही वर्षांतच एकट्या क्लीव्हलंडमध्ये अशा ऑपरेशनांचा आकडा हजारावर गेला.

उलटी लावलेली शीर

आता मावशींच्या प्रश्नाकडे. धमनी हृदयाकडून रक्त नेते, शीर परत आणते. घरी आपण दोन्हींना नसच म्हणतो. पायात रक्त परत आणणाऱ्या मुख्य वाटा खोल, स्नायूंच्या आत असतात. कातडीखालून घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी लांब शीर ही गल्लीतली वाट आहे. ती काढली तरी रक्त खोलच्या रस्त्यानं जातं. काही आठवडे, कधी काही महिने, घोटा सुजतो. पाय वर ठेवायचा, मोजे सांगितले असतील तर घालायचे. पाय चालतो, नीट चालतो.

हीच शीर का? लांब आहे, सरळ आहे, सहज हाती लागते आणि एकाच पायातून तीन-चार तुकडे निघतात. काकूंना तीन जोडण्या झाल्या.

मला सगळ्यात मजेशीर वाटली ती पुढची गोष्ट. पायातल्या शिरेत जागोजागी एकतर्फी झडपा असतात, रक्त खाली ओघळू नये म्हणून. सरळ जोडली तर त्या झडपा रक्त अडवतील. म्हणून सर्जन ती उलटी फिरवून लावतात. घोट्याकडचं टोक महाधमनीला, मांडीकडचं हृदयावर. टाके घालायचा धागा केसाइतका बारीक, आणि डोळ्यांवर भिंग लावलेलं.

पूर्वी हे करताना हृदय थांबवावंच लागायचं. हृदय-फुफ्फुस यंत्र रुग्णाचं रक्त बाहेर घेऊन, प्राणवायू भरून परत पाठवायचं. अमेरिकेतल्या जॉन गिबन यांनी १९५३मध्ये ते यंत्र पहिल्यांदा यशस्वीपणे वापरलं आणि त्याच्याशिवाय फावालोरोचं पान हललं नसतं. आज आपल्याकडे बरेच सर्जन धडधडत्या हृदयावरच जोडणी करतात. एका छोट्या चिमट्यासारख्या साधनानं तेवढाच भाग स्थिर धरायचा, बाकीचं हृदय चालू.

बायपासचा बाप कोण?

फावालोरोला ही पदवी लोकांनी दिली. तो स्वतः ती नाकारायचा आणि 'मी'ऐवजी 'आम्ही' म्हणायचा. यात विनय होता, तसं सत्यही होतं. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट गोएट्झ यांनी १९६०मध्ये हृदयधमनीला छातीतली धमनी जोडून पाहिली होती. लेनिनग्राडमध्ये वसिली कोलेसोव यांनी १९६४मध्ये तेच केलं, पण त्यांचं काम पश्चिमेत पोचायला वेळ लागला. मग फावालोरोचं वेगळेपण काय? माझ्या मते, एकदा जमलेली गोष्ट आणि कोणालाही शिकवता येईल अशी गोष्ट यांत फरक असतो. त्यानं पद्धत बसवली, निकाल छापले आणि जगभरातून आलेल्या सर्जनांना शेजारी उभं करून दाखवली. खेड्यात सुइणींना शिकवलं, तसंच.

थोडी गंमत पाहा. कोलेसोव यांची छातीतली धमनी आज मानाच्या जागी आहे. छातीच्या हाडामागे डाव्या बाजूला ती असते, हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला जोडायला अगदी सोयीची. शिरेला धमनीचा दाब सोसायची सवय नसते. तिची भिंत जाड होत जाते आणि दहा वर्षांनी साधारण निम्म्याच शिरा मोकळ्या उरतात. छातीतल्या धमनीच्या दहापैकी नऊहून जास्त जोडण्या तेव्हाही वाहत्या असतात. म्हणून आता बहुतेकांना एक धमनी छातीतली आणि बाकी शिरा पायातल्या, अशी सरमिसळ करतात. काकूंचंही तसंच झालं.

स्टेंट असताना छाती कशाला उघडायची?

रास्त प्रश्न. १९७७मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुगा घालून हृदयधमनी रुंद केली. पुढे रुंद केलेल्या जागी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवायला लागले. दोन दिवसांत घरी. आपल्याकडे फेब्रुवारी २०१७मध्ये सरकारनं स्टेंटच्या किमती बांधल्या आणि औषध लावलेला स्टेंट तेव्हा तीस हजारांच्या आत आला. एक-दोन अडथळे असतील, अटॅक नुकताच आला असेल, तर स्टेंटच बरा. अटॅकच्या वेळी घाईनं छाती उघडायची वेळ क्वचितच येते.

पण तिन्ही मुख्य धमन्यांत आजार, सोबत मधुमेह, किंवा डावीकडच्या मुख्य खोडातच अडथळा, असं असेल तर गणित बदलतं. मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलं होतं ते इथे. स्टेंट एक जागा दुरुस्त करतो. शेजारचा चाळीस टक्केवाला थर उद्या फुटला, तर स्टेंट काय करणार? बायपासची शीर त्या सगळ्या खराब टप्प्याच्या पलीकडे जाऊन मिळते. अडथळ्याच्या अलीकडच्या बाजूला उद्या काहीही घडलं तरी पलीकडच्या स्नायूला रक्त चालू. मधुमेहात थर एका जागी नसतो, पसरलेला असतो. अशा रुग्णांत बायपासनंतर मृत्यू आणि अटॅक कमी होतात, असं २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. काकूंना पंधरा वर्षांपासून शुगर आहे.

आणि दुसरी बाजूही सांगायला हवी. त्रास स्थिर असेल, फक्त श्रमात होत असेल, तर पुष्कळ जणांना आधी नुसती औषधं चालतात. पाच हजारांवर रुग्णांच्या एका चाचणीचा निकाल २०१९च्या अखेरीस आला. अशा स्थिर रुग्णांत लगेच स्टेंट किंवा बायपास केल्यानं मृत्यू किंवा अटॅक टळलेले दिसले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र जास्त कमी झालं. म्हणून "आत्ताच टेबलावर घेऊ, उद्यापर्यंत थांबू नका" असं ऐकलं आणि रुग्ण अटॅकमध्ये नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला लाजू नका. माझ्या स्वतःच्या मामाला एका ठिकाणी तासाभरात सही करायला लावली होती. नंतर दुसरीकडे फिल्म दाखवली तर गोळ्यांवर भागलं.

वर्तमानपत्रातून पडणाऱ्या 'विना ऑपरेशन ब्लॉकेज साफ' वाल्या पत्रकांचं काय? सलाइनमधून औषध देऊन धमन्या धुऊन निघतात, याला भरवशाचा पुरावा नाही. पाइपातल्या क्षाराचं उदाहरण मीच दिलं, पण इथे ॲसिड ओतून चालत नाही.

म्हणजे आता सावजी चालू?

बायपास झालेल्यांच्या घरात महिन्याभरात हा विषय निघतोच. रिंग रोड झाला म्हणून सीताबर्डीतली गर्दी संपली का? ज्या कारणांनी जुन्या धमन्या भरल्या, त्याच कारणांनी नवी शीरही भरते, उलट लवकर भरते. तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि सिगरेट कायमची बंद. रक्तदाब, शुगर आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालूच, रक्त पातळ ठेवणारी छोटी गोळीसुद्धा. "आता बरं वाटतंय" म्हणून ती आपल्या मनानं सोडणारे मला ठाऊक आहेत. सावजी रस्सा वर्षातून दोनदा, तर्री बाजूला काढून. हे डॉक्टरांचं नाही, काकूंच्या सुनेचं म्हणणं. काकूंनी हरकत नोंदवली आहे.

बिल कोण भरणार?

१९७१मध्ये फावालोरो क्लीव्हलंडची नोकरी सोडून मायदेशी परतला. तिथे राहिला असता तर पैसा आणि मान दोन्ही होते. १९७५मध्ये त्यानं ब्युनोस आयर्सला स्वतःची संस्था काढली. त्यात उपचार, संशोधन आणि प्रशिक्षण एकत्र होतं आणि खिसा रिकामा म्हणून रुग्ण परत पाठवायचा नाही, हा बाणा होता. अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था ढासळत गेली. सरकारी विमा यंत्रणांकडून येणी थकली, संस्था कर्जात बुडाली. त्यानं राष्ट्राध्यक्षांना मदतीसाठी पत्र लिहिलं. २९ जुलै २०००ला त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. सत्याहत्तर वर्षांचा होता. संस्था पुढे सावरली, आजही चालू आहे.

आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपास बसतं. गोंदिया, गडचिरोली, छिंदवाड्याकडून नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटीत येणारी रांग पाहिली की अशा योजनेचा अर्थ कळतो. पण योजना कागदावर असून भागत नाही, दवाखान्याचे पैसे वेळेवर चुकते व्हावे लागतात. आणि दुर्गम गावात अटॅक आला तर नागपूर गाठेपर्यंत स्नायू मरून गेलेला असतो. तिथे पहिल्या तासात उपयोगी पडतं ते तालुक्याच्या दवाखान्यातलं ईसीजी मशीन, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आणि ते द्यायची हिंमत असलेला तरुण डॉक्टर. छातीत आवळल्यासारखं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, असं असेल तर ॲसिडिटी म्हणून सोडा पीत बसू नका, १०८ला फोन करा.

काकूंना आता सहा आठवडे झाले. सकाळी ट्रॅफिक पार्कला दोन फेऱ्या मारतात. छातीचं विचारलं तर म्हणतात, काही जाणवत नाही. पायाच्या टाक्यांना मात्र इतकी खाज सुटते की रात्री जाग येते. मावशींचा भंडाऱ्याहून रोज फोन असतो, आणि पहिला प्रश्न अजूनही पायाचाच असतो.